तीन गाणी सांगा

मास्तरांना हळू बोललेलं ऐकू येत नसे आणि मोठ्यानं बोललेलं खपत नसे. "वरडू नका, बहिरा न्हाय मी," असं म्हणत, आणि आपण आवाज खाली आणला की हात कानामागं नेऊन "आं?" करत. या दोन्हींच्या मधोमध एक आवाज होता, तेवढाच त्यांना चाले. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात तो आवाज फक्त मला सापडला होता. त्यामुळे शेठपासून वॉचमनपर्यंत ज्याला मास्तरांशी काही बोलायचं असे, तो आधी माझ्या टेबलाशी येई. "मॅडम, जरा मास्तरला सांगता का," म्हणे, आणि मी उठे.

मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. होऊन तिथं लागले होते. परदेशी गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्रं लिहायची आणि त्यांची उत्तरं शेठना मराठीत समजावून सांगायची, हे माझं काम. मास्तर आमचे डिझाइन मास्तर. टॉवेलवर जे फूल किंवा जे अक्षर उमटतं, ते आधी बारीक चौकोनांच्या कागदावर काढावं लागतं. लाल भरलेला चौकोन म्हणजे धागा वर, कोरा चौकोन म्हणजे धागा खाली. त्या कागदाला आम्ही ग्राफ म्हणायचो. हेच काम करणारे कॉम्प्युटर केव्हाच आले होते, आमच्याकडेही एक होता आणि त्याच्यासमोर एक मुलगीही होती. पण मास्तरांचा ग्राफ हातात पडेपर्यंत ती बिचारी नखं रंगवत बसायची.

मास्तर घरी तेलुगू बोलत, कारखान्यात मराठी, आणि माग बंद पडला की दखनी. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, खिशाला तीन लाल पेनं, कपाळाला गंध. कानात कापसाचे बोळे. आधीच ऐकू येत नाही, मग बोळे कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "उरलंय त्येवडं जपाया पायजे की." आणि हे जे जपलेलं होतं ते जेवणाच्या सुट्टीत बाहेर निघे. डबा धुऊन झाला की मास्तर बोळे काढून कागदात गुंडाळून ठेवत, टेबलाखालून एक जुना वॉकमन काढत आणि हेवी मेटल ऐकत.

पहिल्यांदा त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला तेव्हा मी तो दोन्ही हातांनी ओढून काढला. आमच्या घरी वडील शाळेत क्लार्क, संध्याकाळी नाट्यसंगीत, तेही शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बारीक आवाजात. त्या हेडफोनातून जे आलं त्यानं माझे दात दुखले. मास्तर गालात हसले. "पयल्यांदा आसंच हुतंय," म्हणाले, जशी काही मी तंबाखू खाल्ली होती.

हे त्यांच्या आयुष्यात आलं कसं, तर नवे माग बसवायला फार पूर्वी बेल्जियमहून एक फिटर आला होता. दोन महिने राहिला. माग चालू असले की शेडमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, सगळे हातवाऱ्यांनी बोलतात. हा फिटर मात्र कानाला हेडफोन लावून, मान हलवत काम करायचा. मास्तरांना वाटलं, ह्याला मानेचं काही दुखणं आहे. त्यांनी हातवारे करून विचारलं. फिटरनं हसून हेडफोन काढला आणि मास्तरांच्या कानांवर चढवला.

"आनि काय सांगू तुमाला बीकॉम," मास्तर म्हणायचे. ते मला बीकॉमच म्हणत. "माग गेले की. लहानपनापासून ऐकत व्हतो, झोपेतबी ऐकत व्हतो. त्या दिवशी पयल्यांदा थांबले." पुढं जे म्हणायचे ते जरा हळू आवाजात, स्वतःला ऐकू येणार नाही एवढ्या हळू. "भजनाला जातो मी. नुसती तोंडं हलताना दिसत्यात. टाळ दिसतो, वाजत न्हाय. ह्ये येकच गानं हाय जे माज्यापत्तुर पोचतं."

फिटर जाताना वॉकमन आणि तीन कॅसेटी मास्तरांना देऊन गेला. घरी भरून घेतलेल्या कॅसेटी, वर पेनानं फक्त एक, दोन, तीन असे आकडे. गाण्यांची नावं नाहीत, गाणाऱ्यांची नाहीत, चित्र नाही. मास्तरांनी त्यांचे चेहरे कधी पाहिले नव्हते. ते किती जण आहेत हेही त्यांना अंदाजानंच ठाऊक होतं.

मग गाण्यांना नावं त्यांनीच ठेवली. एक होतं वीज गेल्याचं. त्यात ऐन भरात सगळं एकदम थांबतं आणि आता संपलं म्हणेपर्यंत पुन्हा सुरू होतं. एक जेऊरच्या क्रॉसिंगचं. मास्तरांची मेहुणी जेऊरला दिलेली, आणि तिकडं जाताना गाडी उगीच उभी राहते, शेजारून दुसरी धडधडत जाते, मग आपली हळूच हलते. त्या गाण्यात हे सगळं आहे, हे मला त्यांनी बोट ठेवून दाखवलं. बोट ठेवून म्हणजे खरोखरच, कारण प्रत्येक गाण्याचा त्यांनी ग्राफ काढला होता. मोठा ठोका म्हणजे भरलेला चौकोन, बारीक ठोका म्हणजे अर्धा, मधली शांतता कोरी. अशी गुंडाळी केलेली भेंडोळी टेबलाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात होती. एकाचं नाव सासऱ्याचं. ते लवकर सुरू होत नाही आणि सुरू झालं की जायचं नाव घेत नाही.

आता सांगताना हसू येतं, पण मास्तर यात हसत नसत. साल्याचं गाणं असा एक ग्राफ तर त्यांनी चार वेळा फाडून पुन्हा काढला होता, एक अर्धा चौकोन चुकला म्हणून.

सात रस्त्याच्या चौकात त्यांना पाहिलेली माणसं अजून असतील. त्या फिटरच्या अंगात असे तसा, कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट घातलेला एखादा पोरगा बाईकवर सिग्नलला थांबला की मास्तर सायकल आडवी घालत आणि छातीकडं बोट दाखवून विचारत, "ह्येंचं ऐकतो व्हय?" पोरगा गोंधळून हो म्हणे. "मग वाजीव." कुठं वाजवू? तर पेट्रोलच्या टाकीवर. कुठलंही गाणं, दहा ठोके, नीट. सिग्नल सुटे, मागचे हॉर्न वाजवत, पोरगा शिव्या देत निघून जाई. मास्तर सायकल बाजूला घेत. एकदा मी त्यांच्यासोबत होते, मला लाज वाटली. "मास्तर, लोक टी-शर्ट चित्र आवडलं म्हणून घालतात," मी म्हटलं. "घालू द्या की. मी कुटं काडून घेतला? इच्यारलं फकस्त."

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत ते मौत का कुआँचं तिकीट काढत. वर चढत, कठड्याला दोन्ही हात टेकत आणि डोळे मिटून घेत. खाली मोटरसायकली भिंतीवरून फिरताहेत, लोक श्वास रोखून बघताहेत, आणि हे डोळे मिटून उभे. मास्तरीणबाई शेजारी कपाळाला हात लावून. त्या मला एकदा म्हणाल्या, "बघायला पैसे देत्यात आनि बघत न्हाईत. मी काय बोलायचं?"

माझीही परीक्षा झालीच. वर्षभर हेडफोन कानाला लावून घेतल्यावर माझे दात दुखायचे थांबले होते. पुढं पुढं तर मला आवडायलाच लागलं, निदान आवडतं असं सांगायला आवडायला लागलं. मैत्रिणी प्रेमगीतं ऐकत असताना आपण हे ऐकतो, यात एक ऐट होती. मास्तरांनी एक दिवस टेबल मोकळं केलं. "वीज गेल्याचं. वाजवा." मी वाजवलं. चौथ्या ठोक्याला त्यांनी डोळे मिटले, सहाव्याला उघडले. "बोटं बीकॉमची हायत तुमची," म्हणाले. "मोजत्यात, ऐकत न्हाईत." रागानं नाही, डॉक्टर सांगतो तसं.

मला राग आला. म्हणून मी दुसऱ्या बाजूनं शिकले. इंटरनेट हाताशी होतं. तिन्ही कॅसेटींमधलं एकेक गाणं मी शोधून काढलं, सगळी एकाच बँडची निघाली. खरं नाव, कुठल्या साली आलं, कोण गातं, कोण ढोल बडवतो, कोण भांडून बाहेर पडला. वहीत दोन रकाने केले. डावीकडं मास्तरांचं नाव, उजवीकडं इंग्रजी. ही वही मी मोठ्या उत्साहानं त्यांना दाखवली. त्यांनी उजवा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला आणि वही परत केली.

"नाव ठिवलं तवा मी हितं व्हतो. त्ये तितं व्हते," म्हणाले. "त्येंचं त्येंच्यापाशी."

मी पुन्हा कधी दाखवली नाही. वही माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली. नंतर मी ती यादी मोबाइलमध्ये उतरवून घेतली.

दरम्यान जग बदललं. जे गाणं ऐकणाऱ्याला आईबाप वाया गेला म्हणत, तेच गाणं मोबाइलच्या जाहिरातीत वाजायला लागलं. पेपरच्या पुरवणीत त्या मंडळींचे फोटो, त्यांना कुठलं मोठं पारितोषिक मिळालं त्याच्या बातम्या. शेठचा मुलगा पुण्याहून आला तो हातावर त्यांचं चिन्ह गोंदवून. मी हे सगळं मास्तरांना सांगत असे. त्यांना आनंद झाला का, मला आजही सांगता येत नाही. एकदा म्हणाले, "समद्यांना आवडतं म्हंत्यात आता. बरं झालं." थोड्या वेळानं म्हणाले, "मग आपलं काय ऱ्हायलं?"

आणि मग ती ऑर्डर आली. परदेशातली कंपनी, समुद्रकिनाऱ्यावर अंथरायचे मोठे टॉवेल, आणि त्यांच्यावर विणायचं चिन्ह नेमकं मास्तरांच्या तीन कॅसेटीवाल्यांचं. रीतसर परवानगीनं. ते पत्र मी मास्तरांच्या डाव्या कानाशी दोनदा वाचलं. आधी त्यांचा विश्वास बसेना, मग त्यांनी चिन्हाचा कागद हातात घेतला आणि पहिलीच शंका काढली.

"ह्येनं आंग पुसायचं?"

आठ दिवस कारखान्यात हाच वाद. चादरीवर देवाचं चित्र विणलं तर ते पायाकडं येऊ देत नाहीत, एवढं आमच्याकडं कुठल्याही विणकराला कळतं. मास्तरांचं म्हणणं, हेही तसंच. किनाऱ्यावर लोक टॉवेलवर बसणार, नेमके मधोमध बसणार, आणि नमुन्यात चिन्ह मधोमध होतं. शेठचा मुलगा म्हणाला, "काका, हे मेटल आहे, यात पवित्र-बिवित्र काही नसतं. उलट त्याच्या विरुद्ध असतं." मास्तर म्हणाले, "तुमाला पवित्र नसंल. बसा मग." शेवटी त्यांनी चिन्ह वरच्या भागात, जिथं डोकं टेकतं तिथं नेलं, आणि तसा ग्राफ काढला. गिऱ्हाइकाला ते जास्त आवडलं. पत्रात त्यांनी तसं मुद्दाम लिहिलं होतं.

त्याच पत्रात पुढं होतं की हे टॉवेल जिथं विणले जातात तिथं या संगीताचा एखादा खरा चाहता असेल, तर प्रत्येक टॉवेलला लटकवायच्या कार्डावर त्याचा फोटो आणि नाव छापायचं आहे. 'खरा' हा शब्द त्यांनी अधोरेखित केला होता. मी लगेच उत्तर लिहिलं. मास्तरांचं नाव मीच कळवलं, हे इथं सांगते, कारण पुढचं सांगायचं आहे.

मास्तर बदललेच. मला म्हणाले, "माजं नाव इंग्रजीत ल्ह्या बगू." मी लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती अक्षरं ग्राफवर काढून आणली होती, एकेक चौकोन भरून. म्हणाले, "कार्डावर आसं छापा म्हनावं. चुकनार न्हाय." मग म्हणाले, "बीकॉम, तो फिटर बगंल की कुटंतरी. त्येंच्याकडं समुद्र हाय म्हनं. टावेल घिऊन कुनी बसलं आसंल, ह्यो जाईल शेजारनं. कार्ड दिसंल. त्येला कळंल, मी अजून ऐकतोय."

कंपनीचा माणूस मुंबईहून आला. तिशीचा, दाढीवाला, काळा टी-शर्ट, सोबत कॅमेरावाला. वाईट माणूस नव्हता. मास्तर त्या दिवशी नवा शर्ट घालून, दाढी करून आले होते. मास्तरीणबाईंनी सगळ्यांसाठी लाडू दिले होते. मास्तर टेबलाशी बसले, मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी, कारण मीच त्यांचा कान. शेठ आणि त्यांचा मुलगा दाराशी.

पाहुणा इंग्रजीत म्हणाला, त्यांना म्हणावं, आवडती तीन गाणी सांगा.

मी सांगितलं. मास्तरांनी विचार केला. घाईनं नाही, नीट विचार केला. मग कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "वीज गेल्याचं. जेऊरच्या क्रॉसिंगचं. आनि सासऱ्याचं."

आधी शेठ हसले. मग त्यांचा मुलगा. पाहुण्यानं माझ्याकडं पाहिलं, काय म्हणतात ते? आणि मी त्या तीन नावांचं शब्दशः इंग्रजी केलं. ते इंग्रजीत कसं ऐकू जाईल हे मला चांगलं माहीत होतं. त्या तिन्ही गाण्यांची खरी नावं माझ्या हातातल्या मोबाइलमध्ये होती, नव्हे, मला पाठ होती. मी ती सांगितली नाहीत. वर सांगताना मी थोडी हसले. मी शेठबरोबर हसत होते की पाहुण्याबरोबर, देव जाणे. मास्तरांबरोबर नव्हते एवढं खरं.

पाहुण्यानं विचारलं, गायकाचं नाव? मास्तर म्हणाले, "चार जन हायत. नाव कदी इच्यारलं न्हाय." त्यानं कॅमेरावाल्याला हातानं खूण केली, त्यानं कॅमेरा खाली घेतला. फार गोड म्हातारा आहे, पाहुणा मला म्हणाला, पण हे चालणार नाही, लोक लगेच म्हणतील की खोटा माणूस उभा केलाय, या गाण्यांचे ऐकणारे फार कडक असतात. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही ऐकता?"

मी तीन नावं सांगितली. त्याच्या भुवया वर गेल्या. मग मी आणखी सांगितली, साल सांगितलं, कोण कधी बाहेर पडला ते सांगितलं. मला थांबता येईना. मास्तर माझ्या ओठांकडं बघत होते. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण मी काय करते आहे हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी तेव्हा एकदाही "आं?" केलं नाही.

फोटो माझा काढला. मागासमोर उभं राहून, पाहुण्यानं बॅगेतून काढलेला काळा टी-शर्ट कुर्त्यावर चढवून. पाठीमागं टॉवेल धरला होता, तो एका बाजूला लोंबत होता. तो सरळ करायला मास्तरच पुढं आले. दोन्ही टोकं ताणून धरून, फोटोत येऊ नये म्हणून खाली वाकून बसले.

संध्याकाळी कंपनीच्या बसची वाट बघताना त्यांनी विचारलं, "काय ठरलं मग?"

मी त्या मधल्या आवाजात, अगदी स्पष्ट, म्हणाले, "फोटोत त्यांना बाईच पाहिजे होती, मास्तर."

"बराबर हाय," ते म्हणाले. "बाईचा फोटो चांगला दिसतो." आणि उरलेला लाडूंचा डबा माझ्या हातात दिला.

कार्डावर छापलं गेलं की विणकरांच्या या गावातली ही मुलगी याच संगीतावर वाढली. मी नाट्यसंगीतावर वाढले होते, तेही बारीक आवाजात. कार्डं हजारोंनी गेली. आमच्या नातेवाइकांत मी कौतुकाचा विषय झाले, माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा ते कार्ड दाखवलं गेलं.

मास्तरांनी त्या टॉवेलची किनार तेवढी नंतर बदलली. दोन्ही टोकांना आखूड-लांब पट्ट्यांची एक ओळ घातली, लाल आणि काळी. पाहुण्यानं ती पाहून फोनवर मला सांगितलं, ही पारंपरिक सोलापुरी नक्षी फार छान आहे, असंच काही अस्सल आम्हाला हवं होतं. मी ते मास्तरांना सांगितलं. "आसं व्हय," एवढंच म्हणाले. त्याच वर्षी त्यांनी काम सोडलं. मी पाच-सहा महिन्यांनी त्यांना भेटायला जाईन असं म्हणत होते.

मी गेले ती बारा वर्षांनी. कारण तो टॉवेल. माझ्याकडं एक ठेवणीतला होता, तो मागच्या उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातला आणि दोरी नीट करताना किनार डोळ्यांसमोर आली. कुठलीही किनार विणली की ठरावीक अंतरानं तीच नक्षी पुन्हा येते, तसं आलं नाही तर माल परत येतो. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट नेलं. ही किनार कुठंच पुन्हा येत नव्हती. त्या पट्ट्या म्हणजे भरलेले चौकोन, अर्धे चौकोन, कोरी जागा, गाण्याचा ग्राफ. मी गच्चीवरच खाली बसले. मास्तरांनी कार्डाऐवजी किनारीवर सही केली होती, त्या फिटरला दिसावी म्हणून.

आठ दिवस मी मोबाइलवर एकेक गाणं लावून त्या किनारीशी जुळवत होते. सगळी नावं पाठ असलेली मी. एकही जुळलं नाही.

मास्तर त्यांच्या जुन्याच घरात होते, शहराच्या पूर्व भागात. मास्तरीणबाई वारल्या होत्या, ते मला माहीत नव्हतं. सुनेनं दारातच सांगितलं, "आता लईच वरडावं लागतं बगा. गल्लीला कळतंय, त्येंना कळत न्हाय." लोखंडी कॉटवर बसले होते, पांढऱ्या शर्टात. कानात कापूस नव्हता.

"बीकॉम," म्हणाले. ओळखलं मला.

मी तो मधला आवाज लावून पाहिला. ते हात कानामागं नेऊन थांबले. मी आवाज चढवला, आणखी चढवला. "मास्तर, त्या फोटोचं मी तुम्हाला खोटं..." एवढं बोलले आणि सून चहा घेऊन आली. समोरच्या ओट्यावर दोघी बायका बसल्या होत्या, त्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी थांबले. मग आवाज खाली आणला आणि सगळं बोलून टाकलं. नावं मला माहीत होती, मी सांगितली नाहीत, मी हसले, बाई पाहिजे होती हे खोटं होतं. एकेक शब्द सांगितला, त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात.

"आं?" मास्तर म्हणाले.

मी मान हलवून काही नाही म्हटलं आणि पिशवीतून टॉवेल काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचा चेहरा उजळला. किनारीवर हात फिरवत त्यांनी विचारलं, "त्येचं काय पत्र-बित्र आलं व्हतं का कंपनीत? त्या फिटरचं? समदी पत्रं तुमच्याकडंच यायची की."

"नाही," मी ओरडले. हे गल्लीला ऐकू गेलं.

त्यांनी मान डोलावली. मी किनारीवर बोट ठेवलं आणि पुन्हा ओरडून विचारलं, "हे कुठलं गाणं आहे, मास्तर?"

ते माझ्याकडं बघत राहिले. खरंच नवल वाटल्यासारखे. "तुमाला न्हाय वळखू आलं?"

मी नाही म्हटलं.

"आसू द्या," ते म्हणाले. टोचून नाही, समजूत घालावी तसं. "नावं तर समदी पाठ हायत की तुमाला."

मग त्यांनी डावं बोट किनारीच्या टोकावर ठेवलं आणि उजव्या हातानं कॉटचा लोखंडी गज वाजवायला सुरुवात केली. डावं बोट चौकोनामागून चौकोन पुढं सरकत होतं, उजवा हात वाजवत होता. एकही ठोका त्यांना ऐकू येत नव्हता आणि एकही चुकत नव्हता, एवढं माझ्यासारखीलाही कळत होतं. गज माझ्या हाताखाली थरथरत होता. किनार संपली तसा हात थांबला, आणि माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "आलं ध्येनात?"

मी ओळखल्यासारखी मान हलवली.